मजुरांचे चमकते जाकीट : स्वस्त घ्यावे, पण पारखून घ्यावे

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रस्त्याच्या साईडपट्टीवर खडी पसरणाऱ्या एका बिगाऱ्याला रात्री साडेआठच्या सुमारास दवाखान्यात आणले. मागून आलेल्या गाडीचा धक्का बसून त्याच्या उजव्या पायाच्या नडगीचे हाड मोडले होते. जीव वाचला, ही दैवाची कृपा. सोबत आलेले मुकादम घाबरून पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "डॉक्टरसाहेब, जाकीट घातलं होतं हो यानं!"

ते खरेच होते. पोपटी रंगाचे, राखाडी पट्ट्यांचे जाकीट त्याच्या अंगावरून काढून सिस्टरांनी बाजूला ठेवले होते. पायाला फळी बांधून झाल्यावर सहज ते हातात घेतले, खोलीतला दिवा बंद केला आणि बॅटरीचा झोत त्यावर टाकला. पट्टी राखाडी ती राखाडीच राहिली. चमकायचे नावच नाही. ती खरी चमकपट्टी नव्हती, चंदेरी रंगाचे साधे कापड शिवलेले होते. दिवसा दुकानात पाहणाऱ्याला फरक कळला नसता. रात्री गाडी चालवणाऱ्यालाही तो कळला नाही, कारण त्याला माणूसच दिसला नाही.

या प्रसंगाची आठवण होण्याचे कारण म्हणजे एका छोट्या ठेकेदाराचे या सदरासाठी आलेले पत्र. ते लिहितात, "माझ्याकडे बारा माणसे आहेत, त्यांत पाच बायका. बाजारात सेफ्टी जाकीट ऐंशी रुपयांनाही मिळते आणि तीनशे-चारशेलाही. दिसायला सगळी सारखीच. माझा धंदा लहान. मी कोणते घ्यावे?"

प्रश्न रास्त आहे. आरोग्याच्या सदरात जाकिटाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण वाचकहो, २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पायी असलेली माणसे होती. एवढे बळी घेणाऱ्या रोगावर आपण लेखमाला लिहिल्या असत्या. मोडलेले हाड जोडण्यापेक्षा ते मोडू न देणे केव्हाही स्वस्त, म्हणून आज हा विषय.

दिवसाचे काम रंगाचे, रात्रीचे काम पट्टीचे

जाकिटात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची कामेही वेगळी असतात, हे आधी समजून घ्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे भडक पोपटी किंवा नारिंगी कापड. हा रंग साधा नसतो, त्याला फ्लुरोसंट रंग म्हणतात. सूर्यप्रकाशातले जे अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, ते हा रंग शोषून घेतो आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. त्यामुळे तो आजूबाजूच्या रंगांपेक्षा जास्त उजळ भासतो. ढगाळ हवेत, पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याचा उपयोग विशेष होतो. पण हे सगळे सूर्याच्या उजेडावर अवलंबून आहे. रात्री रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली अतिनील किरण जवळजवळ नसतात. मग हाच भडक रंग साध्या पिवळ्या कापडासारखा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चमकपट्टी. आपल्याकडे तिला सर्रास 'रेडियम' म्हणतात. प्रत्यक्षात तिच्यात रेडियमचा कणही नसतो आणि ती स्वतः प्रकाशही देत नाही. तिच्यावर डोळ्यांना न दिसतील इतके बारीक काचेचे मणी किंवा लोलकासारखे कंगोरे असतात. ते आलेला प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतात. गाडीचा हेडलाईट आणि ड्रायव्हरचे डोळे जवळजवळ असल्यामुळे हेडलाईटचा प्रकाश पट्टीवर पडून ड्रायव्हरच्याच डोळ्यांत परततो आणि त्याला पट्टी दिव्यासारखी पेटलेली दिसते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती तशी दिसत नाही. म्हणून जाकीट 'आपल्याला चमकताना दिसत नाही' एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही आणि दिवसा दुकानात चकाकते म्हणून ते चांगलेही ठरत नाही.

सांगायचा मुद्दा असा की भडक कापड आहे पण पट्टी खोटी आहे, असे जाकीट दिवसापुरतेच कामाचे. आणि पट्टी चांगली पण कापड विटलेले, असे जाकीट रात्रीपुरतेच. दोन्ही चांगले हवे.

डोळ्यांचे आणि ब्रेकचे गणित

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काहीतरी आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर गेले. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर मोटार थांबायला आणखी २० ते २५ मीटर लागतात. एकूण झाले सुमारे ५० मीटर. भरलेला ट्रक असेल, रस्ता ओला असेल, तर याहूनही जास्त.

आता रात्री डिपरवर, म्हणजे खाली पाडलेल्या प्रकाशात, गडद कपड्यांतला माणूस ड्रायव्हरला साधारण ३० मीटरवर दिसतो. कधी त्याहून कमी. याचा अर्थ, तो दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो. उलट चांगली चमकपट्टी दीडशे मीटरच्या आसपास दिसू लागते. ३० मीटर म्हणजे जेमतेम दोन सेकंद, १५० मीटर म्हणजे नऊ सेकंद. जाकीट विकत घेताना आपण खरे तर हे सात सेकंद विकत घेत असतो.

डोळ्यांच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. समोरून आलेल्या गाडीचा झोत डोळ्यांवर पडला की काही क्षण पुढचे दिसत नाही. वय वाढते तशी बाहुली रात्री पूर्वीइतकी मोठी होत नाही, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिव्यांभोवती पसारा दिसतो. ड्रायव्हर सावध असला आणि प्यालेला नसला, तरीही या अडचणी असतातच. आणखी एक मजेशीर पण धोक्याची गोष्ट आहे. रस्त्यावर उभ्या माणसाला गाडीचे दिवे लांबून स्वच्छ दिसतात, म्हणून 'मला तो दिसतो, तर मीही त्याला दिसत असणार' असे त्याला वाटते. हा समज चुकीचा आहे.

मानक म्हणजे काय?

अशा जाकिटांसाठी आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५८०९ हे मानक आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०४७१ या क्रमांकाचे आहे. युरोपात पूर्वी ईएन ४७१ हे मानक होते. २०१३ साली त्याची जागा आयएसओ २०४७१ ने घेतली. म्हणून आज नवे म्हणून विकल्या जाणाऱ्या जाकिटावर केवळ 'ईएन ४७१' छापलेले असेल तर माल जुना तरी आहे किंवा लेबल कोठून तरी उतरवलेले तरी आहे, असे समजून चार प्रश्न जास्त विचारावेत.

आंतरराष्ट्रीय मानकात जाकिटाचे तीन वर्ग केले आहेत. ते किती कापड आणि किती पट्टी आहे यावरून ठरतात.

वर्ग १ : भडक कापड किमान ०.१४ चौरस मीटर, पट्टी किमान ०.१० चौरस मीटर.

वर्ग २ : भडक कापड किमान ०.५० चौरस मीटर, पट्टी किमान ०.१३ चौरस मीटर.

वर्ग ३ : भडक कापड किमान ०.८० चौरस मीटर, पट्टी किमान ०.२० चौरस मीटर. यात बाह्या किंवा पूर्ण पायघोळ विजार लागते. बिनबाह्यांचे जाकीट एकटे वर्ग ३ मध्ये बसत नाही.

हे आकडे पाहून बिचकू नये. पट्टी पाच सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच रुंद धरली तर वर्ग २ साठी तिची एकूण लांबी किमान २ मीटर ६० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेआठ फूट भरली पाहिजे. वर्ग ३ साठी ती चार मीटर हवी. शिंप्याची टेप घेऊन कोणीही मोजू शकेल. बाजारातल्या अनेक स्वस्त जाकिटांवर एक इंच रुंदीची पट्टी असते आणि तीही फक्त पुढच्या बाजूला. अपघात पुष्कळदा मागून होतो. पट्टी कमरेभोवती पूर्ण गोल फिरलेली असावी आणि दोन्ही खांद्यांवरून पुढून मागे गेलेली असावी.

कोणता वर्ग कोठे घ्यावा, याचा साधारण अंदाज वाहनांच्या वेगावरून करतात. ताशी ३० किलोमीटरपर्यंतची वाहतूक असेल तर वर्ग १, ६० पर्यंत वर्ग २ आणि त्यापुढे वर्ग ३. गावातल्या गल्लीत गटार साफ करणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि महामार्गावर खड्डे बुजवणाऱ्याची वेगळी. पत्र लिहिणाऱ्या ठेकेदारांचे काम जिल्हामार्गावर चालते. त्यांनी वर्ग २ च्या खाली जाऊ नये, आणि महामार्गाचे काम मिळाले तर बाह्यांचे जाकीट घ्यावे.

आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक असतो. नुसते चिन्ह छापणे सोपे आहे. तो परवाना क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर टाकून खरा आहे की नाही हे फुकटात तपासता येते. दुकानदार क्रमांक दाखवायला कां-कूं करू लागला तर समजून घ्यावे.

दुकानात करायच्या सहा परीक्षा

लेबलावर विसंबून न राहता पुढील परीक्षा स्वतः कराव्यात. त्यांना खर्च येत नाही.

१. बॅटरीची परीक्षा. जाकीट अंधाऱ्या खोलीत किंवा दुकानाच्या मागच्या बोळात टांगावे. पंधरा-वीस पावले लांब उभे राहून बॅटरी कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरावी आणि झोत टाकावा. खरी पट्टी पांढरीशुभ्र पेटते. मग बॅटरी हात लांब करून अंगापासून दूर न्यावी. खऱ्या पट्टीची चमक लगेच उतरते, कारण ती प्रकाश बॅटरीकडे परत पाठवते, तुमच्याकडे नाही. चंदेरी कापड दोन्ही वेळा सारखेच मंद दिसते.

२. तिरप्याची परीक्षा. जाकीट थोडे वळवून पुन्हा झोत टाकावा. आरशासारखा चकचकीत कागद एकाच कोनात लखकन चमकतो आणि वळवताच विझतो. खरी पट्टी थोडी तिरपी झाली तरी चमकत राहते. मजूर काही गाडीकडे तोंड करून ताठ उभा नसतो, तो वाकलेला असतो.

३. मोबाईलची परीक्षा. बॅटरी नसेल तर फ्लॅश लावून पंधरा-वीस फुटांवरून फोटो काढावा. मोबाईलचा फ्लॅश आणि भिंग शेजारी असतात, त्यामुळे चांगली पट्टी फोटोत पांढरी लख्ख उमटते. दोन-तीन नमुने शेजारी टांगून एकदम फोटो काढला तर भेद चटकन कळतो.

४. घासण्याची परीक्षा. ओल्या फडक्याने पट्टी दहा-पंधरा वेळा घासावी आणि नखाने हलके खरवडावी. फडक्यावर राखाडी भुकटी आली तर मणी सुटत आहेत. अशी पट्टी दोन धुण्यांत आंधळी होते. ओल्या पट्टीवरही झोत टाकून पाहावा, कारण पावसात काम थांबत नाही.

५. शिवणीची परीक्षा. पट्टी नुसती चिकटवलेली नसावी, दोन्ही काठांवर शिवलेली असावी. खांद्याची आणि काखेची शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहावी.

६. रंगाची परीक्षा. जाकीट दुकानाबाहेर आणून सावलीत धरावे. फ्लुरोसंट कापड सावलीतही उजळून दिसते, साधे पिवळे कापड मलूल दिसते. दुकानातल्या दिव्याखाली ही परीक्षा होत नाही.

रंग पोपटी घ्यावा की नारिंगी? ज्या जागी काम, त्या जागेच्या रंगाशी विरोध हवा. हिरव्यागार उसाच्या कडेला पोपटी रंग मिसळून जातो, तिथे नारिंगी उठून दिसतो. लाल मातीच्या खोदाईजवळ किंवा नारिंगी कोन आणि फलकांच्या गर्दीत पोपटी बरा. काही पुरुषांना जन्मतः लाल आणि हिरव्या रंगांतला भेद नीट कळत नाही आणि त्यांतले पुष्कळजण गाड्याही चालवतात. म्हणून शंका असेल तर पोपटी निवडावा.

पैशाचा हिशेब

आता ठेकेदारांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. त्यांनीच दिलेले भाव धरू. ऐंशी रुपयांचे जाकीट रोजच्या वापरात फार तर दोन महिने टिकते असे समजा. वर्षाला माणशी सहा जाकिटे लागतील, म्हणजे ४८० रुपये. बारा माणसांचे ५,७६० रुपये. तीनशे रुपयांचे जाकीट नीट वापरल्यास सहा महिने टिकले, तर वर्षाला माणशी दोन, म्हणजे ६०० रुपये. बारा माणसांचे ७,२०० रुपये.

चांगले जाकीट महाग पडते हे खरेच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण फरक किती? बारा माणसांमागे वर्षाला १,४४० रुपये. माणशी महिन्याला दहा रुपये. एका चहाचा पैसा. मोडलेल्या एका पायात सळई घालण्याच्या खर्चात अशी कित्येक वर्षांची जाकिटे येतील. शिवाय त्या मजुराची बुडालेली मजुरी आणि घरच्यांचे हाल वेगळेच.

एकदम सगळी घेणे जमत नसेल तर क्रम लावावा. प्रथम झेंडी दाखवणारा, कोन मांडणारा आणि उचलणारा, रात्रीचा राखणदार आणि वाहतुकीच्या बाजूला काम करणारी माणसे यांना द्यावीत. त्यानंतर आतल्या बाजूच्यांना. अंधार पडल्यावर मात्र ज्याच्या अंगावर खरे जाकीट नाही त्याला रस्त्यावर उभे करू नये. चार-पाच ठेकेदारांनी मिळून एकदम खरेदी केली तर भावही उतरतो आणि परीक्षाही एकदाच करावी लागते. दुकानदाराकडून आधी एक नमुना घ्यावा, तो धुऊन, घासून पाहावा, नंतरच बाकीची मागणी द्यावी. माल आला की त्यातली दोन जाकिटे पुन्हा तपासावीत, कारण नमुना एक आणि माल दुसरा असेही घडते.

काहीजण विचारतात की खरी पट्टी विकत आणून शिंप्याकडून जुन्या सदऱ्यांवर शिवून घेतली तर? पट्टी खरी असेल तर रात्री उपयोग नक्की होतो. ऊसतोड कामगार, पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन सायकलवर निघणारे, रात्री पाणी द्यायला रस्त्याने शेतावर जाणारे, यांच्यासाठी ही युक्ती चांगली आहे. मनगटावर आणि घोट्यांवरही पट्टी बांधावी. हातपाय हलताना पट्ट्या हलतात आणि हा खांब नसून चालता माणूस आहे, हे ड्रायव्हरला लवकर उमगते. पण असा सदरा मानकाप्रमाणे तपासलेला नसतो. ठेक्याच्या अटीत मानकाचे जाकीट मागितले असेल तेथे तो चालणार नाही.

जाकिटाचे पैसे मजुरीतून कापण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती बेकायदा आहे. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामाच्या जागी सुरक्षिततेसाठी जे पुरवायचे त्याचा खर्च मालकाने सोसायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही, असे ती सांगते.

ऊन, घाम आणि त्वचा

मजूर जाकीट काढून फांदीला टांगतो, याचे पहिले कारण उकाडा. वैशाखात अंगावर पॉलिएस्टरचा आणखी एक थर नको होतो, यात त्याचा दोष नाही. म्हणून आपल्याकडे बारीक जाळीचे जाकीट सोयीचे. मात्र जाळीची भोके मोठी असतील तर रंगाचे कापड तेवढे कमी पडते, हे पाहावे. जाकिटाखाली बनियन किंवा सदरा सुती असावा. नुसत्या अंगावर जाकीट घातले की घाम मुरत नाही, घामोळे येते आणि काखेत, मानेवर चट्टे उठतात. उन्हाळ्यात दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी आणि सावलीत थोडा विसावा द्यावा. चक्कर, उलटी, बडबड, तापलेले अंग अशी लक्षणे दिसली तर आधी जाकीट उतरवावे, अंग ओले करून वारा घालावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

एकच जाकीट दिवसपाळीने आणि रातपाळीने आळीपाळीने घालणे टाळावे. गजकर्ण आणि खरूज एकाच्या कपड्यातून दुसऱ्याकडे जाते. माझ्याकडे एकाच टोळीतली तीन-तीन माणसे तोच गजकर्ण घेऊन येतात, ती याच कारणाने. प्रत्येकाच्या जाकिटावर आतून न पुसणाऱ्या शाईने नाव घालावे. तसे केले की माणूस ते जपतोही.

बायकांची अडचण वेगळी. साडीवर पुरुषी सदरा, त्यावर जाकीट आणि त्यावर पदर किंवा टॉवेल, असा थर होतो आणि पट्टी झाकली जाते. पदर आत खोचून जाकीट सर्वांत वर यावे. बायकांसाठी लहान मापाची जाकिटे मुद्दाम मागून घ्यावीत. ढगळे जाकीट घमेले उचलताना अडते आणि मिक्सरच्या पट्ट्यात सापडण्याचा धोका असतो. समोरून वेल्क्रोने बंद होणारे बरे, कारण ओढ बसली तर ते सुटते. उघडे सोडलेले जाकीट समोरून अर्धेच दिसते, हेही लक्षात ठेवावे.

पावसाळ्यात जाकिटावर रेनकोट आणि थंडीत राखणदाराच्या अंगावर घोंगडी, असे झाले की जाकीट असून नसून सारखेच. जाकीट रेनकोटच्या वर घालावे, त्यासाठी एक माप मोठे लागते. शेकोटीजवळ आणि डांबराच्या बॉयलरपाशी मात्र सावध राहावे. साधे पॉलिएस्टरचे जाकीट आगीत वितळून कातडीला चिकटते. ज्वाळेजवळ काम करणाऱ्यांना आगीला टिकणारे वेगळे कापड लागते.

धुणे आणि टाकून देणे

लेबलावर किती वेळा धुवावे याचा आकडा अनेकदा दिलेला असतो. तो पाळावा. गार पाण्यात, साध्या साबणाने, हाताने धुवावे. ब्रश मारू नये, सोडा आणि ब्लीचिंग पावडर वापरू नये, पिळे घालून पिळू नये. पट्टीवर इस्त्री फिरवू नये. उलटे करून सावलीत वाळवावे. डांबराचे डाग काढण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल लावण्याची सवय मजुरांत सर्रास आहे. त्याने पट्टी खराब होते, कातडीला फोड येतात आणि ठिणगी पडली तर पेट घेण्याची भीती असते. डाग मोठा असेल तर ते जाकीट बदलावे.

मळलेले जाकीट हे अर्धे जाकीट समजावे. धुळीने भडक रंग झाकतो आणि चिखलाने पट्टी. मानकानुसार नव्या पट्टीची चमक ३३० एककांपासून पुढे असते, आणि घासणे, दुमडणे, धुणे अशा परीक्षांनंतरही ती १०० एककांच्या खाली जाऊ नये अशी अट आहे. आपल्याकडे मोजायचे यंत्र नसते, पण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला संध्याकाळी सगळी जाकिटे एका दोरीवर टांगून बॅटरी मारली तर कोणती विझली ते दिसते. एक नवे जाकीट तुलनेसाठी घडी घालून ठेवून द्यावे. रोज उन्हात वापर असेल तर सहा महिन्यांनी बदलायची तयारी ठेवावी. बाद केलेल्या जाकिटाची पट्टी कापून टाकावी, नाहीतर ते पुन्हा कोणाच्या तरी अंगावर चढते.

जाकीट म्हणजे ढाल नव्हे

शेवटी एक इशारा. जाकीट गाडी अडवत नाही. ते फक्त ड्रायव्हरला थोडा वेळ मिळवून देते. कामाच्या जागेच्या अलीकडे लांबवर सूचनाफलक, वाहतूक हळूहळू बाजूला वळवणारे कोन, मधे अडथळा आणि झेंडीवाला, ही व्यवस्था आधी हवी. रस्त्याच्या कामाच्या जागी वाहतूक कशी सांभाळावी याची मार्गदर्शिका इंडियन रोड्स काँग्रेसने आयआरसी एसपी ५५ या क्रमांकाने प्रसिद्ध केली आहे. ठेकेदारांनी ती बांधकाम खात्याच्या अभियंत्यांकडून समजून घ्यावी. शक्य ते काम दिवसाउजेडी उरकावे. विश्रांतीसाठी मजुरांना रस्त्याच्या कडेला झोपू देऊ नये, कारण झोपलेल्या माणसाचे जाकीट कोणालाच दिसत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवण्याजोगे :

• पट्टी दोन इंच रुंद, कमरेभोवती पूर्ण आणि दोन्ही खांद्यांवरून असावी.

• बॅटरी डोळ्यांजवळ धरून पट्टी पेटते का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

• लेबलावर आयएस १५८०९ किंवा आयएसओ २०४७१ आणि वर्ग पाहावा. परवाना क्रमांक तपासावा.

• जाकीट सर्वांत वर, पुढून बंद आणि स्वच्छ असावे.

• दर महिन्याला परीक्षा, आणि विझलेले जाकीट बाद.

सुरुवातीला सांगितलेला तो बिगारी चार महिन्यांनी काठी टेकत तपासायला आला. हाड जुळले आहे, पण उकिडवे बसता येत नाही, त्यामुळे खडीचे काम सुटले. आता तो त्याच मुकादमांकडे कामाच्या जागी राखण करतो. जाताना त्याने पिशवीतून नवे जाकीट काढले आणि म्हणाला, "डॉक्टर, जरा तुमची बॅटरी मारून बघा की." दिवा बंद करून झोत टाकला. पट्टी लख्ख पेटली. पत्र लिहिणाऱ्या ठेकेदारांनीही खरेदीला जाताना खिशात एक बॅटरी न्यावी.